हिवाळ्याचा मुक्काम

जानेवारीतली सकाळ. एसाविराच्या बंदरात निळ्या रंगाच्या लहान होड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांच्यावर सीगल पक्ष्यांचा गोंगाट चालला आहे. रात्रभर समुद्रात असलेली माणसे धक्क्यावर टोपल्या उतरवत आहेत आणि त्या टोपल्यांसमोर एक सत्तरीकडे झुकलेली बाई उकिडवी बसून माशाचे कल्ले उचलून पाहते आहे. विकणारा हसतो आणि हात हलवून सांगतो, ताजा आहे. बाई मान हलवते, दुसरा उचलते. तिसऱ्या माशाला पसंती मिळते. मासा पारखण्याची ही रीत अलिबागच्या बाजारातली आहे, आणि ती आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरही जशीच्या तशी चालते.

ही बाई मूळची अलिबागजवळची, तिचे यजमान मुरूड तालुक्यातले. दोघेही कोकणी मुसलमान. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमला स्थिरावले. मुले तिथेच वाढली, नातवंडे तिथेच झाली. निवृत्तीनंतर मात्र तिथला हिवाळा झेपेना. दुपारी चार वाजता अंधार, ओली थंडी आणि गुडघ्यांची कुरकुर. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, पण बाहेर पडायची सोय नव्हती. शेवटी मुलांनीच सुचवले, की दोन-अडीच महिने कुठे तरी उबेत जाऊन राहा. ब्रिटिश पारपत्रावर मोरोक्कोत नव्वद दिवस व्हिसाशिवाय राहता येते. डिसेंबरमध्ये विमानाने मराकेश, तिथून तीन तासांची बस, आणि समोर समुद्र. परतीचे तिकीट रमजान सुरू होण्याच्या दोन दिवस आधीचे काढले होते. रमजान आपल्या घरात, आपल्या माणसांत करायचा, याबद्दल दोघांत वाद नव्हता.

तसबीर नावाचे गाव

एसाविराला पूर्वी मोगादोर म्हणत. पोर्तुगीजांनी 1506 मध्ये येथे किल्ला बांधला, पण तो त्यांच्या हाती फार दिवस टिकला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत हेच पोर्तुगीज आपल्या रेवदंड्याला तटबंदी घालत होते. आज दिसते ते गाव मात्र अठराव्या शतकातले आहे. सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दुल्ला यांनी 1760 च्या दशकात ते वसवायला घेतले आणि आखणीच्या कामी तेओदोर कोर्न्यू या फ्रेंच स्थापत्यकाराला लावले. म्हणून येथले मुख्य रस्ते सरळ रेषेत जातात. मोरोक्कोच्या इतर जुन्या शहरांत माणूस हरवतो, येथे सहसा हरवत नाही. तटावर युरोपात ओतलेल्या ब्राँझच्या तोफा ओळीने समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत. 2001 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

अरबीत गावाचे नाव ‘अस्-सुवेरा’. त्याचा अर्थ लोक दोन तऱ्हांनी सांगतात. कोणी म्हणतात लहानशी तटबंदी, कोणी म्हणतात चित्र. आपल्या घरांत भिंतीवर टांगलेली ‘तसबीर’ याच धातूवरून आलेली. या सुलतानाच्या नावाआधी ‘सिदी’ लागते, म्हणजे महाराज किंवा स्वामी. मुरूडच्या गृहस्थांना याची मोठी गंमत वाटली. त्यांच्या लहानपणी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या गोष्टी घराघरांत होत्या आणि तो शब्दही याच घराण्यातला असल्याचे सांगितले जाते.

सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज येथे ‘ग्नावा’ म्हणून ओळखले जातात. लोखंडी चिपळ्या आणि तीन तारांचे जाड आवाजाचे वाद्य घेऊन त्यांचे गाणे रात्र-रात्र चालते. 1998 पासून दर उन्हाळ्यात त्याचा महोत्सव भरतो. तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात मात्र एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसून एखादा म्हातारा स्वतःसाठीच वाजवत असतो, आणि ऐकणाऱ्याला हवा तेवढा वेळ असतो.

चार दिवसांत संपलेले गाव

वेळेचाच पहिला प्रश्न आला. गृहस्थ शिस्तीचे. त्यांनी निघण्यापूर्वी पाहण्याच्या जागांची यादी केली होती. तट पाहिला, बंदर पाहिले, मूळ-गाठींच्या थुया लाकडावर शिंपले आणि लिंबाचे लाकूड बसवून डबे करणारे कारागीर पाहिले. ऑर्सन वेल्सने येथे ‘ऑथेल्लो’ हा चित्रपट केला होता. कपडे वेळेवर आले नाहीत, तेव्हा त्याने खुनाचा प्रसंग हमामखान्यात, टॉवेल गुंडाळलेल्या नटांकडून करून घेतला. 1952 मध्ये त्याच चित्रपटाने कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मान मिळवला. तो किस्साही ऐकून झाला. पाचव्या दिवशी सकाळी यादी संपली आणि मुक्कामाचे दोन महिने अजून शिल्लक होते.

‘अहो, आता काय पाहायचं राहिलं?’ बायकोने विचारले.

‘काही नाही. आता राहायचं.’

हे उत्तर त्यांना सुचले खरे, पण जमायला आठवडा गेला. सवय लागलेला माणूस रिकाम्या दिवसाला घाबरतो. मग हळूहळू दिवसाला आकार आला. फज्रनंतर पुन्हा थोडी झोप. नऊच्या सुमारास बंदरावर चक्कर. त्यानंतर बाजार: मोसंबी, ऑलिव्ह, कोथिंबीर, पुदिन्याची जुडी. पुदिन्याला तिथे ‘नाअना’ म्हणतात. चिनी हिरवा चहा, पुदिना आणि आपल्यालाही जास्त वाटेल एवढी साखर. उंचावरून पेल्यात ओतलेला हा चहा दिवसातून तीनदा होतोच. साबणाला ‘साबून’, कॉफीला ‘कहवा’. अर्धे शब्द ओळखीचे निघाले की परका मुलूख निम्मा परका राहतो.

हवेचे म्हणाल तर दुपारी अठरा-वीस अंश, रात्री दहा-अकरा. उन्हाळ्यात येथे ईशान्येकडून असा वारा सुटतो की वाळूत बसवत नाही. त्यामुळे ‘वाऱ्याचे शहर’ हे नाव पडले. हिवाळ्यात तो बराच शांत असतो. कधी दोन दिवस पाऊस लागतो, भिंतींना ओल येते आणि घरात शेगडी नसल्याने घोंगडी अंगावर घेऊन बसावे लागते. बाकी दिवस ऊन. गृहस्थ रोज सकाळी वाळूवरून पाऊण तास चालू लागले. गुडघे गप्प झाले.

सर्वांत जास्त जीव लागला तो गल्लीतल्या भट्टीवर. तिला ‘फर्रान’ म्हणतात. घरोघरी कणीक मळून लाकडी पाटावर गोल रोट्या ठेवतात, वर फडके घालतात आणि पोरांच्या हाती भट्टीवर पाठवतात. भट्टीवाला कोणाची रोटी कोणती हे चिठ्ठीशिवाय ओळखतो. घरमालकिणीची बारा वर्षांची नात रोज पाट घेऊन निघे. पाहुण्या आजीही तिच्याबरोबर जाऊ लागल्या. मुलगी शाळेत इंग्रजी शिकत होती, म्हणून दुभाष्याचे काम तिच्याकडे आले. आजींना कुराणाची अरबी वाचता येत होती, पण ‘मीठ द्या’ एवढेही अरबीत बोलता येत नव्हते. मुलगी पोट धरून हसे आणि शिकवे.

घरमालकीण विधवा, साठीच्या आसपासची. गृहस्थांना ती ‘अल्-हाज’ म्हणे, कारण तिथे वयस्क माणसाला मानाने तसेच हाक मारतात. आजी तिला इतरांप्रमाणे ‘लल्ला’ म्हणू लागल्या. लल्लाने त्यांना शेर्मूला शिकवला: कोथिंबीर, लसूण, जिरे, लाल तिखट, लिंबू आणि ऑलिव्ह तेल वाटून तारलीच्या पोटात भरायचे. आजींच्या मते हे वाटण हिरव्या मसाल्याचे चुलतभावंड होते, फक्त नारळ नव्हता.

दाराच्या चौकटीवरची खाच

एका दुपारी जुन्या मेल्लाहमध्ये, म्हणजे यहुदी मोहल्ल्यात, आजी एका दारापाशी थबकल्या. दारावरच्या दगडात सहा टोकांचा तारा कोरलेला होता. उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची तिरकी खाच होती. खाचेत काही नव्हते.

‘इथं मेजुजा असायचा,’ त्या म्हणाल्या.

हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांच्या लहानपणी अशी घरे होती. चौकटीवरच्या नळकांड्याला हात लावून तो ओठांना लावत घरात शिरणारी माणसे त्यांनी पाहिली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे, आडनावाला गावाच्या नावापुढे ‘कर’ लावणारे. 1948 नंतर एकेक कुटुंब इस्रायलला गेले. आजींच्या वर्गातली एक मैत्रीण अशीच एका मे महिन्याच्या सुट्टीत गेली. शाळा उघडली तेव्हा बाकावर जागा रिकामी होती.

मोगादोरची गोष्ट याच वळणाची. सुलतानाने बंदर वसवले तेव्हा व्यापारासाठी यहुदी घराण्यांना बोलावून घेतले. ‘सुलतानाचे व्यापारी’ असा त्यांना किताब होता. टिंबक्टूहून वाळवंट ओलांडून येणारा माल आणि युरोपातून येणारी जहाजे यांच्यामधला दुवा हीच माणसे होती. एकोणिसाव्या शतकात गावातली लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर यहुदी होती. पुढे कॅसाब्लांकासारखी बंदरे मोठी झाली आणि येथला व्यापार ओसरला. इस्रायलची स्थापना, 1956 मध्ये मोरोक्कोचे स्वातंत्र्य, 1967 चे युद्ध, अशा एकेका टप्प्यावर घरे रिकामी होत गेली. आज दर वर्षी सप्टेंबरात रब्बी हाईम पिंटो यांच्या पुण्यतिथीला जगभरातून त्यांचे वंशज आणि भक्त येतात, पण रोजचे शेजारी म्हणून यहुदी जवळजवळ उरलेले नाहीत.

गावाने ही आठवण पुसली मात्र नाही. एका जुन्या प्रार्थनास्थळासह ‘बैत दाकिरा’ म्हणजे स्मृतिगृह उभे राहिले आणि 2020 च्या जानेवारीत मोरोक्कोचे राजे मोहम्मद सहावे तेथे स्वतः आले. याच गावात जन्मलेले, राजांचे यहुदी सल्लागार आंद्रे अझुले यांचा या कामात मोठा वाटा आहे. लल्लाला विचारले तेव्हा तिने फार मोठे काही सांगितले नाही. तिच्या आईची शेजारीण यहुदी होती. शनिवारी त्या घरी चूल पेटवता येत नसे, म्हणून गरम पाणी हिच्या घरून जाई. ‘गेली तेव्हा आईकडे तिचा तांब्याचा चहादाणीचा संच ठेवून गेली. म्हणाली, परत आल्यावर नेते.’ संच अजून कपाटात आहे. लल्ला दर ईदच्या आधी तो घासून ठेवते.

शेजारी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाचेही काही तरी जाते. ते काय, हे आजींना अलिबागपासून माहीत होते. त्याला नाव मात्र त्या दुपारी मिळाले.

खोली कोणाची?

फेब्रुवारी उजाडला. एके रात्री पाऊस मोठा झाला. पहाटे आजी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या, तर तिथल्या दोन लहान खोल्यांत लल्ला, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे बादल्या मांडून गळके छत आवरत होती. आजींना वाटले होते की कुटुंब मागच्या बाजूला कुठे तरी राहते. घराला मागची बाजू नव्हतीच. पहिल्या मजल्यावरच्या चौकाभोवतीच्या ज्या दोन उबदार खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या होत्या, त्याच घराच्या खोल्या होत्या. हंगामात कुटुंब वर सरकत असे.

मुलगा थुया लाकडाच्या वस्तू करतो. चांगल्या गाठी आता सहज मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक घासाघीस करते. 1990 च्या दशकापासून तटाच्या आतली जुनी घरे युरोपीय माणसे विकत घेऊ लागली. काहींनी ती प्रेमाने दुरुस्त केली, नाही तर पडली असती, हेही खरे. पण भाव चढले. लग्न झालेली जोडपी तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. जे आत टिकले, त्यांच्यातल्या अनेकांना टिकण्यासाठी स्वतःचेच घर भाड्याने द्यावे लागते. हिवाळी पाहुण्यांच्या पैशावर शाळेची फी आणि छताची डागडुजी होते. पाहुणे आले नाहीत तर घर जाते. पाहुणे आले तर घरात राहता येत नाही.

गोवा, अलिबाग, महाबळेश्वर इथल्या वाचकांना हे नवीन नाही. पर्यटकाला जे निवांत वाटते, त्यासाठी कोणी तरी जागा करून दिलेली असते.

गृहस्थ त्या सकाळी चालायला गेले नाहीत. दुपारी त्यांनी लल्लाला सांगितले, आम्ही एका खोलीत राहू, दुसरी तुम्ही घ्या, भाडे आहे तेच. नातीने भाषांतर केले. लल्लाने ठाम नकार दिला. पैसे दोन खोल्यांचे घ्यायचे आणि खोली एक द्यायची, हे तिच्या हिशेबात बसत नव्हते. दया दाखवली जाते आहे असे तिला वाटले असावे. दोन दिवस चहा नेहमीसारखा आला, पण गप्पा आल्या नाहीत. मदत करणाऱ्याला सोपे असते, घेणाऱ्याला नसते, हे गृहस्थांच्या उशिरा ध्यानात आले.

एका तासाचा फरक

शाबान संपत आला तशी गल्ली बदलू लागली. भाजलेले पीठ, बदाम, तीळ आणि मध यांचा ‘सेल्लू’ घरोघरी होऊ लागला. मधात बुडवलेल्या ‘शबाकिया’च्या परातींनी दुकाने भरली. मोरोक्को एरवी वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असतो, पण रमजानपुरते घड्याळ एक तास मागे घेतले जाते. त्या रविवारी आजींच्या फोनवरची वेळ बर्मिंगहॅमच्या वेळेशी जुळली. दोन महिने मुलाला फोन करताना तास मोजावा लागत होता, आता लागेना. पण परतीच्या तिकिटाचा दिवसही समोर आला होता.

आजींनी सामान काढले, घड्या घातल्या आणि मग तशाच बसून राहिल्या. नात दारात उभी होती. तिने विचारले, पहिल्या इफ्तारला तुम्ही नसणार का? तिची आजी विचारते आहे.

तिकीट आठवडाभर पुढे ढकलायला दंड भरावा लागला. मुलाला कळवले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. त्यांच्याशिवायचा हा त्याचा पहिला पहिला रोजा असणार होता. मग म्हणाला, ‘अम्मी, राहा. पण उरलेला महिना आमचा.’

आणि मग आजींनीच मार्ग काढला. लल्लाला त्यांनी निरोप पाठवला: आम्ही पाहुणे म्हणून गच्चीवर इफ्तारला येणार नाही. जिना चढायला माझे गुडघे कुरकुरतात. तुम्हीच खाली या. दस्तरखान माझ्याकडे, हरीरा तुमच्याकडे. सकाळच्या चालण्याने गुडघे केव्हाच बरे झाले होते, आणि त्याच जिन्याने आजी महिनाभर कपडे वाळत घालायला जात होत्या. लल्लालाही हे ठाऊक होते. तिने नकार दिला नाही.

पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी गोल टेबल चौकातून खालच्या खोलीत आले. ते ठेवताना मुलाने बरोबर खिडकीशेजारची जागा धरली, कारण ते तिथेच असायचे. शेजारच्या घरात हिवाळ्याला राहिलेले वृद्ध फ्रेंच जोडपेही होते. रोजा त्यांचा नव्हता, पण दिवसभर त्यांनीही गल्लीत कोणासमोर काही खाल्ले नव्हते. टेबलावर खजूर, दूध, उकडलेली अंडी, शबाकिया, टोमॅटो-मसूर-चण्यांचा वाफाळता हरीरा. त्यांच्या मध्ये एका ताटलीत कांदाभजी. हरभऱ्याचे पीठ तिथल्या बाजारात सहज मिळते, ओवा मिळाला नाही, म्हणून जिरे घातले. पहिल्यांदा ती नातवंडांनी संपवली.

चहा आला तो तांब्याच्या चहादाणीतून. लल्लाने ती कपाटातून काढली होती. फ्रेंच बाईंनी तिच्या नक्षीचे कौतुक केले, तेव्हा नातीने इंग्रजीत सांगितले, ‘ही आमची नाही. शेजाऱ्यांची आहे. आम्ही सांभाळतोय.’

आठवड्याने दोघे बर्मिंगहॅमला परतले. तिथे इफ्तारची वेळ एसाविराच्या तासभर आधी होत होती. चारेक दिवसांनी फोनवर एक छायाचित्र आले. खालच्या खोलीत, खिडकीशेजारी, गोल टेबल. आता तिथे पुढचे पाहुणे मार्चअखेरीपर्यंत नव्हते, त्यामुळे महिनाभर ते तिथेच राहणार होते. मध्ये ताटलीत भजी होती, थोडी करपलेली. खाली नातीने लिहिले होते: ओवा म्हणजे काय, आणि तो पोस्टाने पाठवता येतो का?

आजींनी त्याच संध्याकाळी पाकीट बांधायला घेतले.